भट्टीच्या थर्मोकपलचे मिलिव्होल्ट अंशांत कसे बदलायचे

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भद्रावतीजवळच्या गावात मडक्यांची भट्टी, आत के टाईप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर, के हा त्याचा एक प्रकार), मल्टिमीटरवर ३५.२ मिलिव्होल्ट. मोबाईलवरचा एक कॅल्क्युलेटर ८४७ अंश सांगतो, दुसरा ८८९. यातलं खरं साधन कोणतं?

दोन्ही खरी आहेत. पहिल्याने कोल्ड जंक्शन, म्हणजे थर्मोकपलच्या तारा संपतात ते बाहेरचं टोक, ० अंशावर धरलं, दुसऱ्यात तुम्ही त्याचं तापमान ४२ भरलेत. थर्मोकपल भट्टीचं तापमान सांगतच नाही. भट्टीतलं टोक आणि जिथे त्याच्या तारा संपतात ते टोक, या दोघांतल्या फरकाचा व्होल्टेज देतं. छापील तक्ते तारा संपतात ते टोक बर्फाच्या पाण्यात आहे असं धरून केलेले असतात. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सावलीतही ४५ अंश असतात, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला थंड गावांपेक्षा जास्त नडतो.

रीत अशी. तक्त्यात ४२ अंशांसमोर १.६९४ मिलिव्होल्ट आहे. ते ३५.२ मध्ये मिळवा, ३६.८९४ होतात. आता तक्त्यात हा आकडा शोधा: ८८९. तुम्ही म्हणाल, ८४७ मध्ये सरळ ४२ मिळवले तरी तेच आलं. हो, पण के टाईप या पट्ट्यात जवळपास सरळ रेषेत चालतो म्हणून आलं. एस टाईपला (प्लॅटिनमच्या थर्मोकपलला) हेच केलंत तर वीसेक अंश जास्त धराल. म्हणून नेहमी मिलिव्होल्टच मिळवायचे, अंश नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की भट्टीपासून मीटरपर्यंत साधी तांब्याची वायर ओढली आहे. मग कोल्ड जंक्शन मीटरपाशी नाही, जिथे तांबं जोडलं त्या हेडमध्ये (थर्मोकपलच्या बाहेरच्या जोडणीच्या डबीत) आहे, आणि ते हेड भट्टीच्या भिंतीला लागून तापतंय. तिथे ७० अंश असतील तर २.८५१ मिळवावे लागतील आणि भट्टी ९१८ वर निघेल. २९ अंशांचा फरक, आणि त्यात कच्चा-पक्का माल ठरतो. त्यामुळे एकतर हेडला साधा थर्मामीटर टेकवून तिथलं तापमान घ्या, नाहीतर के टाईपचीच, त्याच धातूंच्या तारांची एक्स्टेन्शन केबल आणा, म्हणजे कोल्ड जंक्शन मीटरपाशी येईल. केबल लावताना रंग बघून लावू नका. अमेरिकन पद्धतीत लाल तार ऋण असते, आपला वायरमन लालला हमखास धन समजतो. चुंबक लावा: जी तार ओढली जाते ती अल्युमेल (निकेलचा मिश्रधातू), म्हणजे ऋण.

साधनांबद्दल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या संस्थेचे आयटीएस-९० (आंतरराष्ट्रीय तापमान-मापनश्रेणी) वरचे तक्ते फुकट मिळतात, मी तेच वापरतो. के टाईपचं पान छापून, प्लास्टिकमध्ये घालून भट्टीपाशी टांगा. लाईट गेली, रेंज गेली तरी चालतं. लॅपटॉप असेल तर त्यांचीच उलटी बहुपदी, म्हणजे मिलिव्होल्टवरून अंश काढायचं सूत्र, कॅल्कसारख्या स्प्रेडशीटमध्ये घाला. ५०० अंशांच्या वर तिला सात गुणांक लागतात. ते पूर्ण दशांशांसह उतरवा, कारण मोठमोठ्या संख्या एकमेकींना कापून उत्तर येतं, जरा कुठे पूर्णांक केला की उत्तर भरकटतं. कुठलंही नवीन साधन घेतलं की कोल्ड जंक्शन शून्य ठेवून ४.०९६ आणि ४१.२७६ टाका. १०० आणि १००० आले नाहीत तर ते सोडून द्या.

मॅक्स६६७५ या थर्मोकपल वाचणाऱ्या चिपच्या स्वस्त मॉड्यूलबद्दलही विचारलंत. ते कोल्ड जंक्शन स्वतः मोजतं, पण प्रत्येक अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट असा एकच हिशोब लावतं. त्यामुळे तुमच्या ८८९ ला ते ९०० च्या आसपास दाखवेल. शिवाय १०२४ च्या वर जातच नाही. मॅक्स३१८५६ या दुसऱ्या चिपचं मॉड्यूल आतच वक्ररेषेचा हिशोब करतं. पैसे घालायचेच तर त्यात घाला, आणि डबा भट्टीपासून दूर, सावलीत ठेवा.

पुढचा आवा लावण्याआधी एकदा उकळत्या पाण्यात टोक बुडवून बघा. जोड ४२ अंशांवर असेल तर मीटरवर २.३५ ते २.४० च्या दरम्यान दिसायला हवं. तो आकडा आणि हेडचं तापमान इथे कळवा, मग ठरवू की वायर बदलायची की नुसता हिशोब.