वाचकांचे प्रश्न : वाईट ठरवायचे कोणी?

प्रश्न : आमच्या गावात एकट्या राहणाऱ्या एका वयस्क बाईंवर करणीचा आळ आला आहे. एका घरातली दुभती म्हैस मेली, त्याच पावसाळ्यात दुसऱ्या घरातला तरुण मुलगा काविळीने गेला आणि दोन्ही घरांशी या बाईंचा बांधावरून वाद होता, एवढेच निमित्त झाले. आता गणपतीत आरतीला घरोघर फिरणारी मंडळी त्यांचे घर टाळतात, गिरणीवर त्यांचे दळण घेत नाहीत आणि यंदाच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखीही त्यांच्या दारात थांबली नाही. गावकीतली माणसे दुष्ट नाहीत. माझ्या आजारपणात रात्री-अपरात्री तीच धावून आली होती. पण वाईट त्या बाईतच आहे, असे ती मनापासून मानतात. मुंबईत समाजशास्त्र शिकणारा माझा भाचा म्हणतो की चांगले-वाईट ज्या त्या समाजाचे असते, बाहेरच्याने न्याय करू नये. मग मी गप्प बसावे काय?
— एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपण गप्प बसू नये, हे आधीच सांगून मग आपल्या भाच्याच्या म्हणण्याकडे वळणे बरे, कारण ते म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथील मुलांना व प्रौढांना काही प्रसंग सांगून त्यांतले चूक कोणते हे विचारले होते. तो अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरच्या मुलांना अतिशय गंभीर अपराध वाटला, तर शिकागोच्या मुलांना त्यात काही वावगे दिसले नाही. उलट, न विचारता सिनेमाला गेली म्हणून बायकोला बेदम मारणारा नवरा शिकागोत अपराधी ठरला आणि भुवनेश्वरमध्ये अनेकांनी त्याचे समर्थन केले. ज्यांच्या घरी सुतक कडक पाळले जाते त्यांना यातला पहिला निवाडा परका वाटणार नाही, आणि खरे बोलायचे तर दुसराही फारसा परका वाटणार नाही.

मात्र हाच अभ्यास भाच्याने शेवटपर्यंत वाचावा. दिलेले वचन मोडणे, निरुपद्रवी जनावराला लाथ मारणे, अपघातात सापडलेल्या माणसाकडे पाठ फिरवणे या गोष्टी दोन्ही शहरांत वाईटच ठरल्या. ऑक्सफर्डच्या मानववंशशास्त्रज्ञांनी 2019 मध्ये जगभरातल्या 60 समाजांविषयीच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा आप्तांना मदत, आपल्या गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, धैर्य, वडीलधाऱ्यांचा मान, समान वाटणी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा आदर या सात गोष्टी जवळजवळ सर्वत्र चांगल्याच मानलेल्या आढळल्या. अपवाद एकच निघाला, तो पॅसिफिक महासागरातल्या ‘चूक’ (Chuuk) नावाच्या बेटांवरचा : तेथे उघडउघड दुसऱ्याची वस्तू उचलणे हे निडरपणाचे लक्षण समजले जाई. म्हणजे तेथेही एक चांगली मानलेली गोष्ट दुसरीवर मात करून गेली, इतकेच.

आता आपल्या गावाकडे पाहू. शेजाऱ्याची म्हैस सूडबुद्धीने मारणे, त्याच्या मुलाच्या जिवावर उठणे हे वाईट आहे, याबद्दल आपले आणि गावकीचे काडीचेही दुमत नाही. दुमत आहे ते त्या बाईंनी तसे काही केले काय याबद्दल, आणि तो प्रश्न नीतीचा नसून वस्तुस्थितीचा आहे. तेव्हाच्या सुदानच्या दक्षिण भागातल्या अझांदे लोकांमध्ये राहून मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1937 साली एक निरीक्षण लिहून ठेवले. धान्याचे कोठार कोसळून त्याखाली बसलेली माणसे जखमी झाली, तर वाळवीने खांब पोखरले होते हे अझांदेंनाही नीट ठाऊक असते; पण नेमकी हीच माणसे नेमक्या त्याच वेळी त्याखाली का बसली होती, याचे उत्तर ते चेटकात शोधतात. आपल्या गावालाही दूषित पाण्याने कावीळ होते हे माहीत आहे. त्याला हवे असते ते ‘आमच्याच घरात का’ याचे उत्तर, आणि ते उत्तर बहुतेक वेळा बांधावरून भांडलेल्या, पाठीशी मुलगा किंवा भाऊ नसलेल्या बाईच्या उंबऱ्याशी येऊन थांबते. जिच्या घरात चार तरणे पुरुष आहेत तिने करणी केल्याचे सहसा ऐकू येत नाही, ही गोष्ट मला पुरेशी बोलकी वाटते.

पण सारे काही गैरसमजावर ढकलून चालणार नाही. कोकणातच, महाडला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच केलेला होता, आणि गुरेढोरे तेथे पाणी पीतच होती. तरीही लोकांवर हल्ला झाला, आणि पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. घागरी ओतणारे स्वतःला धर्मरक्षक समजत होते. आपण दुष्कृत्य करीत आहोत असे त्यांच्या स्वप्नातही नसेल. येथे वस्तुस्थितीविषयी गैरसमज कोणता होता? तहानलेल्याला पाणी नाकारणे हे पाप, हे त्यांनाही लहानपणापासून शिकवलेले होते आणि उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे पुण्य, हेही. कसोटी तीच होती. फक्त ती ज्यांना लावायची त्यांच्यात समोरची माणसे मोजलेली नव्हती. ती माणसे स्वतः तळ्यावर उतरल्यावर मोजणी बदलू लागली, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 साल उजाडले.

म्हणून मला असे वाटते की काय वाईट याविषयी समाजासमाजांत जितका भेद सांगितला जातो तितका तो नसतो. खरा भेद कोणाच्या बाबतीत ते वाईट धरायचे यात असतो. मानवी हक्कांचा जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 रोजी मतास आला, तेव्हा 48 राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरोधात कोणीच गेले नाही आणि आठ तटस्थ राहिली. त्या आठांत वर्णभेदाचे राज्य चालवणारी दक्षिण आफ्रिका होती. हा जाहीरनामा पाश्चात्त्यांनी जगावर लादला असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की त्याच्या पहिल्या कलमात सर्व ‘पुरुषां’ऐवजी सर्व ‘मानव’ असा शब्दप्रयोग यावा यासाठी आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या.

आपला भाचा समाजाचे मत म्हणतो ते कोणाचे, हे त्याला विचारा. गावकीच्या बैठकीत त्या बाई होत्या काय, त्यांना बोलू दिले काय? त्या याच गावच्या आहेत, त्यांचे जन्ममरण याच गावचे. त्यांचे मत वगळून उरते ते समाजाचे मत नव्हे, बैठकीचे मत. त्यांच्या बाजूने उभे राहणारा माणूस बाहेरचा ठरत नाही.

राहिला प्रत्यक्ष उपाय. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते किंवा रोगराई पसरवते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे, हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे; त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र तक्रार देण्यापूर्वी त्या बाईंना विचारा, कारण निकाल काहीही लागला तरी त्याच वाडीत दिवस त्यांना काढायचे आहेत. तक्रार न देताही काही करता येते. आपण शिक्षिका होता, म्हणजे गावकीतले निम्मे तरी आपल्या हाताखालून गेले असतील. येत्या गणपतीत आपण आधी त्यांच्या घरी आरतीला जाऊन बसा आणि आपल्या घरी येणाऱ्या मंडळींना तसा निरोप ठेवा. गुरुजनांना तिथे बसलेले सोडून पुढच्या घरी जाणे कोकणात अजून तरी सोपे नाही.

प्रश्न : मासेमारी हा आमचा पिढीजात धंदा आहे. कामानिमित्त ओळख झालेल्या एका जैन मित्राने सहज बोलता बोलता सांगितले की जीव मारून पोट भरणे हे पाप आहे. तो भला माणूस आहे, म्हणून राग आला नाही, पण बोलणे मनात राहिले. पाप जर सगळीकडे सारखे, तर आमची सगळी वाडीच पापी काय?
— एक तरुण मच्छीमार, मालवण तालुका

उत्तर : आपला प्रश्न फार जुना आहे आणि ज्यांनी तो पूर्वी मांडला त्यांनी उदाहरणही मच्छीमाराचेच घेतले, हे वाचून आपल्याला गंमत वाटेल. पतंजलींच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम सांगून पुढे म्हटले आहे की जात, देश, काल आणि प्रसंग यांनी मर्यादित न झालेले हे यम ‘सार्वभौम महाव्रत’ होत. त्यावरचे व्यासभाष्य ही मर्यादा समजावताना सांगते की मासे मारणारा मनुष्य मासे सोडून अन्य कशाचीही हिंसा करीत नसेल, तर त्याची अहिंसा ‘जातीने मर्यादित’ आहे. तीर्थात मारणार नाही ही देशाची मर्यादा, चतुर्दशीला मारणार नाही ही काळाची. भाष्यकाराने मच्छीमाराला पापी म्हटलेले नाही. त्याच्यापाशी अहिंसा आहे, पण ती मर्यादित आहे, एवढेच त्याने नोंदवले, आणि श्रावण पाळणाऱ्या तमाम मत्स्याहारी कोकणी माणसांचीही तीच पायरी ठरवली.

यातून मला उपयोगी वाटणारी गोष्ट ही की, जगातल्या प्रत्येकाकडून अपेक्षा करावी असा एक किमान थर असतो आणि त्यावर ज्याने त्याने आपखुशीने चढावे असा एक उंच थर असतो. आपला मित्र वरच्या थरावर उभा राहून बोलतो आहे. त्याचा आदर जरूर करावा, पण वरच्या थराचा नियम मोडणाऱ्याला दुष्ट म्हणू लागलो तर किनाऱ्यावरची कितीतरी गावे एका वाक्यात दुष्ट ठरतील, आणि मग त्या शब्दाला काही वजनच उरणार नाही.

किमान थर कोणता, हे आपल्या वाडीला कोणी शिकवायला नको. दुसऱ्याचे जाळे कापणे, दुसऱ्याच्या जाळ्यातली मासळी काढून घेणे, रापणीच्या, म्हणजे सर्वांनी मिळून किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्याच्या, वाट्यात लबाडी करणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे इंजिन बंद पडून वाऱ्यावर भरकटलेली होडी दिसूनही पुढे निघून जाणे. हे शेवटचे पाप मालवणात पाप आहे, नॉर्वेत आहे आणि जपानातही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराने समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करण्याचे जहाजाच्या कप्तानावरचे हे बंधन 98 व्या कलमात नोंदवले, पण दर्यावर्दी लोक ते त्याआधीपासूनच पाळत आले आहेत. दोघांना भांडणाचा हक्क असतो तो किनाऱ्याला लागल्यावर.

शिवाय आपल्या डोळ्यांसमोर एक नवे पाप आकार घेत आहे, त्याकडेही पाहावे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात चोरून जाळे टाकणारा, बारीक आसाच्या जाळ्याने पापलेटची पिल्लेही उचलणारा, किंवा 2017 मध्ये बंदी येऊनही रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी गोळा करणारा, यांच्याविषयी आज पारंपरिक मच्छीमार ज्या शब्दांत बोलतात ते शब्द पूर्वीच्या पिढीला सुचले नसते, कारण समुद्र संपू शकतो ही कल्पनाच तेव्हा नव्हती. तत्त्व जुनेच आहे : सर्वांच्या वाट्याचे एकट्याने नेऊ नये. फक्त त्या सर्वांत आता अजून जन्माला न आलेला मच्छीमारही धरला जाऊ लागला आहे. आपल्या मित्राशी पुन्हा बोलणे निघाले, तर माशालाही त्या सर्वांत धरावे असे त्याच्या परंपरेचे म्हणणे आहे, हे लक्षात ठेवून बोला. त्याच्याशी आपले भांडण नुसत्या पोटावरून नाही, या मोजणीवरून आहे, आणि ते आज मिटणारे नाही.

प्रश्न : दशावतारात संकासूर आला की आम्ही हसतो. वेद चोरणाऱ्या राक्षसाला हसून घेणे हे वाईटाला हलके करणे नव्हे काय? आणि देव शुद्ध मराठीत बोलतात, तर राक्षसाच्याच तोंडी आमची मालवणी का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे, असे मला वाटते. वेद ज्यांच्या कानावरही पडू दिले जात नव्हते, असेच लोक पिढ्यान्‌पिढ्या जत्रेच्या रात्री देवळासमोर बसून हा खेळ पाहत आले, आणि ते वेद पळवणारा काळ्या वेषातला असुर त्यांच्याच बोलीत भटजीची आणि ब्रह्मदेवाची खोड काढीत आला. अशा प्रेक्षकांचे हसू केवळ राक्षसाच्या दुष्टपणाला असेल, हे पटत नाही. चोरी कसली झाली आणि कोणाची झाली, हे त्यांना चांगले कळत असणार. हा अर्थ माझा, तो कोणावर लादायचा नाही. पण त्यामुळे वाईट हलके होते असेही नाही, कारण तेच प्रेक्षक विष्णूच्या हातून त्याचा वध झालेला पाहिल्याशिवाय उठत नाहीत. एखाद्या दशावतारी नाटक कंपनीने वेळ वाचवण्यासाठी संकासुराला न मारताच पुढचे मुख्य आख्यान सुरू केले, तर मालकाला त्याच रात्री जाब द्यावा लागेल, आणि तो विचारणाऱ्यांत संकासुराला सर्वांत मोठ्याने हसलेलेच पुढे असतील.