गडकऱ्यांचं बंड आणि फ्रेंचांची राज्यक्रांती

कोल्हापूरकडच्या भुदरगड तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलंय. वर्गात एक मुलगा म्हणाला, "सर, फ्रान्सवाल्यांनी केली ती राज्यक्रांती आणि आमच्या गडकऱ्यांनी केलं ते बंड, असं का ओ?" गडकरी म्हणजे गड राखणारे. शिवाय 'राज्यक्रांती'तलं 'राज्य' गाळलं तर चालेल का, हेही त्यांना हवंय.

'राज्य' गाळू नका, मर्म तिथंच आहे. 'क्रांती' आली क्रम् धातूपासून, म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. सूर्य रास ओलांडतो ती संक्रांत याच घरातली. युरोपातला 'रेव्होल्यूशन' हा शब्द मात्र फिरण्याचा, ग्रहाच्या प्रदक्षिणेचा. १५४३ साली कोपर्निकसच्या ग्रंथाच्या नावात तो त्याच अर्थानं आला. फ्रान्समध्ये जे घडलं त्याला आपला शब्द जास्त चपखल बसतो, असं मला मनापासून वाटतं.

कारण तिथं काहीतरी कायमचं ओलांडलं गेलं. १७८९ च्या ऑगस्टमध्ये सरंजामी हक्क मोडीत निघाले आणि सार्वभौमत्व राजाचं नव्हे, राष्ट्राचं, असं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं. १७९२ मध्ये राजेशाहीच गेली. पुढं १८१४ ला बूर्बाँ घराणं गादीवर परत आलं खरं, पण सरंजामदारांचे हक्क परत आले नाहीत, चर्चच्या विकलेल्या जमिनी फिरल्या नाहीत, १८०४ ची दिवाणी संहिता राहिली. गादीवर जुनं घराणं, राज्य मात्र नवं. नुसत्या सत्तांतराला हा शब्द वापरू नये तो यासाठी. आपण 'डावे-उजवे' म्हणतो तेही तिथल्या तेव्हाच्या राष्ट्रीय सभेतल्या बसायच्या जागांवरून, आणि मार्केट यार्डात गुळाचा रवा ज्या किलोवर तोलतात, तो किलोही त्याच धामधुमीतला.

आता गडकरी. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखायचे आणि त्याबद्दल मिळालेल्या जमिनी खायच्या, ही त्यांची रीत. इंग्रजांनी कोल्हापूर संस्थानात नेमलेल्या दाजी पंडितांच्या कारभारात त्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली गेल्या आणि १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड पेटले. त्यांना आपलं होतं ते परत हवं होतं. नवी राज्यव्यवस्था मांडायची नव्हती, तेव्हा ही राज्यक्रांती नव्हे.

पण म्हणून 'बंड'च का? क्रियापदं बघा. बंड मोडून काढतात, क्रांती घडते. 'बंड' म्हणताक्षणी आपण मोडणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. कोण बरोबर, याचा निकाल आधीच लागलेला असतो. मी 'गडकऱ्यांचा उठाव' लिहितो, तुम्हीही तेच शिकवा. परीक्षेत 'बंड' आलं तर मुलांना ते सरकारी दफ्तरातलं नाव म्हणून ठाऊक असू दे.

आणि त्या मुलाला एकदा पन्हाळ्याला न्या. गडात शिरताना लागतो तो 'चार दरवाजा' नावाचा दरवाजा इंग्रजांनी त्याच साली पाडला. उरलेले दगड त्याला हात लावून बघू देत.