स्लरी विकायला टाकी घ्यावी का?

प्रश्न: करवीर तालुक्यात आमच्या चार म्हशी आणि दीड एकर ऊस आहे. दीड लाखाची एफडी दिवाळीत पिकते. ती आत्ताच मोडून दोन घनमीटरचा गोबरगॅस बांधू आणि उरलेल्या पैशात त्यातून निघणारी पातळ शेणाची स्लरी विकायला ट्रॉलीवरची टाकी नि पंप घेऊ, असं मुलगा म्हणतो. खताचाही खर्च संपेल म्हणे. काय करावं?

उत्तर: ताई, गोबरगॅस बांधा. टाकीचा नाद सोडा.

दोन घनमीटरला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. तेवढं शेण चार म्हशींचं निघतं. पण बाहेर येणाऱ्या स्लरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. हजार लिटरच्या टाकीत नत्र साधारण दीड किलो. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, त्या भावानं हे नत्र झालं वीसेक रुपयांचं! स्फुरद-पालाश धरून फार तर शे-दीडशे. त्यात डिझेल आणि माणसाची हजेरीही सुटायची नाही.

घरच्या उसाला स्लरी चांगलीच. पण शेणातलं नत्र गॅसबरोबर जात नाही, जातो तो कर्ब. म्हणजे हे खत आजही उकिरड्यातून तुमच्या रानात जातंच आहे. उकिरड्यावर उन्हापावसात जे वाया जातं, तेवढाच फायदा नवा. आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे दीड एकराला २४०. वर्षभराच्या स्लरीत जेमतेम ५५. पोती कमी होतील, बंद होणार नाहीत.

पैसे वसूल होतात ते चुलीवर. चार-पाच माणसांचा स्वयंपाक निघतो, सिलिंडरचा खर्च दर महिन्याला वाचतो. मुलाला हा हिशेब दाखवा.

एफडी मोडू नका. मुदतीआधी व्याज कापलं जातं, आणि आपल्याकडच्या पावसात खड्डा काढून करणार काय? तोवर पंचायत समितीच्या कृषी विभागात अनुदानाची चौकशी करा, आणि ती बांधकामाआधीच. दिवाळीनंतर गोबरगॅस बांधा, शेजारी स्लरीसाठी दोन खड्डे काढून वर पत्रा टाका. ओली स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर सरीत सोडा किंवा पाचटावर ओता. उन्हात वाळवली की नत्र उडतं. ठिबकमध्ये मात्र घालू नका, नळ्या तुंबतात. उरलेली रक्कम परत ठेवीत.

मुलाचा हट्टच असेल तर शेजाऱ्याला दोन बॅरल फुकट द्या. तिसऱ्याचे पैसे मागून बघा.