एजंट ऑरेंजचा क्लेम: कागद नंतर जमवा, आधी तारीख नोंदवा

व्हिएतनाममधली जंगलं बोडकी करण्यासाठी अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात तणनाशकं फवारली. त्यातलं मुख्य एजंट ऑरेंज, आणि त्यात डायॉक्सिन हे विष होतं. तिथून परतलेल्या ज्या सैनिकांना त्याच्याशी जोडलेला आजार झाला, त्यांना व्हीए, म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिक खातं, अपंगत्व भत्ता देतं. अमेरिकेतल्या मराठी घरांतून याबद्दल सतत विचारणा होते, आणि गोंधळ दर वेळी तेच असतात.

सासरे (अमेरिकन) १९६९ मध्ये दा नांगला होते. आता टाइप २ मधुमेह आहे. अंगावर फवारा उडाल्याचा पुरावा कुठून आणायचा?

आणायचा नाही. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात व्हिएतनाममध्ये सेवा झाली असेल, तर संपर्क गृहीत धरला जातो, आणि मधुमेह व्हीएच्या एजंट ऑरेंजच्या आजारांच्या यादीत आहे. सेवेचा डीडी-२१४ (सैन्यातून सुटल्याचा दाखला) आणि निदानाचे कागद लावा. मधुमेहामुळे पायांना मुंग्या येत असतील किंवा मूत्रपिंड बिघडलं असेल, तर तेही त्याच अर्जात मांडा.

वडिलांचे मित्र १९७१ मध्ये आर्मीतून सुटले. लोक म्हणतात, रेकॉर्ड सेंट लुईसच्या लष्करी दप्तरखान्याच्या आगीत गेलं.

लोक काहीही म्हणतात. १९७३ च्या त्या आगीत आर्मीच्या जळालेल्या फायली १९६० पर्यंत सुटलेल्यांच्या होत्या. रेकॉर्ड मागवा.

व्हीएच्या दवाखान्यात एजंट ऑरेंज रजिस्ट्रीची (संपर्कात आलेल्यांच्या नोंदवहीची) तपासणी झाली. पैसे कधी सुरू होतील?

होणार नाहीत. ती फक्त आरोग्य तपासणी आहे, क्लेम नव्हे. भत्त्यासाठी अर्ज २१-५२६ईझेड भरा.

शेजारी १९७० मध्ये थायलंडच्या उदोर्न तळावर मेकॅनिक होते. मधुमेहाचा क्लेम पूर्वी नाकारला गेला. आता रक्तदाबही आहे.

१० ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने संपर्क गृहीत धरण्याच्या ठिकाणांत थायलंडमधले लष्करी तळ आले आणि आजारांच्या यादीत रक्तदाबही आला. नाकारलेल्या मधुमेहासाठी २०-०९९५ हा पुरवणी अर्ज करा, रक्तदाबासाठी नवा. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात असला, तर गोळ्या सुरू होण्यापूर्वीची रीडिंग शोधा. खालचा आकडा तेव्हा बहुतेक वेळा १०० किंवा वर असेल आणि गोळ्या कायमच्या चालू असतील, तर १० टक्के अपंगत्व मिळू शकतं. जुन्या डॉक्टरकडचा तो एक कागद फार मोलाचा आहे.

एका कंपनीचा फोन आला. महिन्याचा भत्ता जितका वाढेल त्याच्या सहापट फी, आणि त्यांच्या डॉक्टरचं पत्र येईपर्यंत अर्ज करायचा नाही. सही करावी का?

करू नका. पहिला क्लेम तयार करून देण्यासाठी पैसे घ्यायला कायद्याने परवानगीच नाही. व्हीएची मान्यता असलेला वकील किंवा एजंट फी घेऊ शकतो ती पहिला निर्णय आल्यावर. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी रास्त मानली जाते, एक तृतीयांशाच्या वर गेली तर अवाजवी. डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे आणि काउंटीचे (तिथल्या जिल्ह्याचे) अधिकारी हेच काम फुकट करतात. व्हीएच्या खात्याचा पासवर्ड कुणी मागितला तर तिथेच फोन ठेवा.

पण फीपेक्षा मला राग येतो तो ‘थांबा’ या सल्ल्याचा. व्हीएकडे ‘इंटेंट टु फाइल’, म्हणजे क्लेम करणार असल्याची नोंद, करायला एक फोन पुरतो. अर्ज २१-०९६६ भरूनही चालतं. त्या दिवसापासून कागद जमवायला एक वर्ष मिळतं आणि क्लेम मंजूर झाला की तारीख त्या नोंदीची धरतात. मार्चमध्ये नोंद केली आणि पूर्ण अर्ज पुढच्या जानेवारीत गेला, तर पैसे एप्रिलपासून. नोंद केलीच नाही, तर एरवी फेब्रुवारीपासून. मधले दहा महिने गेले ते गेलेच. ही माणसं आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत, कुणाची केमो चालू आहे. त्यांना डॉक्टरच्या पत्रासाठी ताटकळत ठेवणं हा अन्याय आहे. पत्र मागाहून जोडता येतं. आजच नोंद करा आणि या आठवड्यात मान्यताप्राप्त प्रतिनिधीला भेटा. व्हीएच्या संकेतस्थळावर नाव शोधून त्याची मान्यता आधी तपासा.

मामा ग्रीनकार्डावर असताना ड्राफ्ट (सक्तीची लष्करभरती) होऊन व्हिएतनामला गेले. २०१६ मध्ये पार्किन्सनने वारले. मामी आता नाशिकला असतात. त्यांना काही मिळेल?

मिळू शकतं. पार्किन्सन २०१० पासून यादीत आहे. मामींनी मागे राहिलेल्या कुटुंबीयांसाठीचा अर्ज २१पी-५३४ईझेड भरावा. भारतात राहतात म्हणून हक्क जात नाही. वर्षाच्या आत अर्ज झाला असता तर मृत्यूच्या महिन्यापासूनचं मिळालं असतं, आता सहसा अर्जापासून.

मृत्यूचा दाखला नीट वाचा. अशा रुग्णांच्या दाखल्यावर नुसतं ‘न्यूमोनिया’ असतं आणि तेवढ्यावर क्लेम अडतो. पार्किन्सनमुळे गिळणं बिघडलं आणि त्यातून न्यूमोनिया झाला, असं झालं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून तसं लेखी घ्या. मामांनी स्वतः २०१० पूर्वी पार्किन्सनचा क्लेम केला होता का, तेही घरात विचारा. तसा नाकारलेला क्लेम असेल, तर एजंट ऑरेंजच्या नाकारलेल्या क्लेमबाबतच्या नेहमर खटल्यामुळे बरीच मागची तारीख मिळू शकते. ते गणित घरी मांडू नका, अशी प्रकरणं हाताळणाऱ्या मान्यताप्राप्त वकिलाला फाइल दाखवा. मामींचा अर्ज मात्र त्याच्यासाठी अडवून ठेवू नका.