टाळ्या वाजवल्या, पण नेमक्या कशाला?

प्रश्न : सर नमस्कार, मी मास कॉमला एमए करतोय. केसरीतल्या १८९७ च्या 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखावर रेटरिकल क्रिटिसिझमचा, म्हणजे मजकूर वाचकाला कसं पटवतो ते तपासण्याचा, प्रोजेक्ट आहे. मी ईथॉस, पॅथॉस, लोगॉस असे तीन कॉलम पाडून वाक्यं भरली तर मॅडम म्हणाल्या हा तक्ता झाला, क्रिटिसिझम कुठाय? आता काय करू?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मॅडमचं बरोबर आहे रे, राग मानू नकोस. ॲरिस्टॉटलचे ते तीन डबे कामाचेच आहेत, बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्याची मांडणी, पण डबे भरून ठेवले म्हणजे स्वयंपाक झाला असं नसतं ना.

आधी प्रसंग बघ. रेटरिकचा अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झरने १९६८ मध्ये हेच मांडलं की काहीतरी अडलेलं असतं, ते सोडवू शकतील असे ऐकणारे असतात, आणि बोलणाऱ्यावर काही बंधनं असतात. पुण्यात प्लेग, सोल्जर घरात शिरून तपासण्या करतायत, २२ जूनच्या रात्री प्लेगचा अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि मग सरकारने अख्ख्या शहरालाच गुन्हेगार धरल्यासारखं वागायला सुरुवात केली. अशात जुलैमध्ये हे शीर्षक येतं. आता मला सांग, 'डोकं ठिकाणावर आहे का' हे आपण कोणाला म्हणतो? घरातल्या पोराला, फार तर धाकट्या भावाला, साहेबाला कधीच नाही. म्हणजे एका ओळीत रयत झाली वडीलधारी आणि साम्राज्य झालं बिघडलेलं कार्टं! शिवाय तो प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर वाचक स्वतःच मनात देतो, आणि जे उत्तर आपण स्वतः दिलं ते आपल्याला पटलेलंच असतं. असाच दुसरा अभ्यासक एडविन ब्लॅकने १९७० मध्ये यावरच बोट ठेवलं होतं, की मजकूर कोण बोलतंय एवढंच सांगत नाही, ऐकणाऱ्याने कोण व्हावं हेही सांगतो. तुझा प्रोजेक्ट इथून सुरू कर, तक्ता मागे जोडून टाक.

जाता जाता, टिळकांवर त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला चालला तो या अग्रलेखावर नव्हे, जूनमधल्या मजकुरावर. त्यात न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं की 'डिसअफेक्शन' म्हणजे अफेक्शन नसणं. म्हणजे सरकारवर प्रेम नाही हाच गुन्हा! शिक्षा झाली अठरा महिन्यांची. शब्दाचा कीस काढणं हे फक्त कॉलेजातलं काम आहे असं कोणी म्हणालं तर हे सांग त्याला.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालेय, आकड्यांची मला भीती नाही. आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं प्रेझेंटेशन झालं, बिल्डरचा माणूस इतका गोड बोलला, त्यांचे साहेब स्वतः चाळीत वाढलेत, तुमच्या आईवडिलांनी अजून किती दिवस तीन जिने चढायचे वगैरे, शेजारच्या सोसायटीने सही केली, आता तुम्हीच राहिलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण. तळमजल्यावरचे काका काहीतरी विचारायला उठले तर लोक हसले, ते बसले. घरी आले तर एकही आकडा आठवेना! हातात फक्त पत्रक. त्यात आहे 'आपण सगळे मिळून आपलं स्वप्न उभं करूया', 'भाडं वेळेवर दिलं जाईल', आणि 'सभासदांनी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत जागा रिकामी करायची आहे'. मला फसवलं जातंय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, फसवलं जातंय का ते पत्रकावरून मला सांगता येणार नाही, चांगला बिल्डरही असंच बोलतो. पण तुम्हाला कसं पटवलं ते मात्र सांगता येईल, आणि ते वेगळं काम आहे. क्रिटिसिझम म्हणजे शिव्या घालणं नव्हे.

चाळीत वाढलेल्या साहेबांचं बघा. रेटरिकवर लिहिणारा अमेरिकन विचारवंत केनेथ बर्क म्हणायचा की समोरच्याची भाषा बोलून, त्याच्यासारखं होऊनच त्याला पटवता येतं, आणि हे त्याने १९५० मध्ये लिहिलंय, म्हणजे चाळीची युक्ती काही नवी नाही. मराठीत तर याला आयतं हत्यार आहे, 'आपण'. 'आम्ही' म्हटलं की तुम्ही बाहेर, 'आपण' म्हटलं की तुम्ही आत. पत्रकात स्वप्न उभं करायला 'आपण' आहोत, पण जागा रिकामी करायची वेळ आली की आपण गायब आणि 'सभासदांनी'! आणि भाडं? ते 'दिलं जाईल'. कोण देणार? वाक्यात कर्ताच नाही. तुमच्या कामाला ३० दिवसांचा आकडा, त्यांच्या कामाला नुसतं 'वेळेवर'. बँकेत असा कर्जाचा अर्ज तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही तो परत पाठवला असता की नाही?

मग घाईचं. शेजारच्यांनी सही केली म्हणून तुमच्या इमारतीत नेमकं काय अडलंय? प्लास्टर पडत असेल, स्ट्रक्चरल ऑडिट खराब आलं असेल तर घाई खरी. नसेल तर ती प्रेझेंटेशनमधूनच आली.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते काका. त्या माणसाने हॉलमध्ये एक शहाणा सभासद तयार केला, आईवडिलांची काळजी असलेला, पटकन निर्णय घेणारा, सगळ्यांना धरून चालणारा. तुम्हाला तो व्हावंसं वाटलं, कोणालाही वाटेल. पण असा सभासद तयार झाला की उरलेला आपोआप खोडा घालणारा ठरतो, काकांना गप्प बसवायला त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही, ते काम तुम्ही सगळ्यांनी हसून केलंत. (मीही हसलो असतो कदाचित.)

आता पत्रक घ्या आणि त्यात काय नाही ते पेन्सिलने समासात लिहा. भाडं ओसी (नव्या इमारतीत राहायला जायचा दाखला) मिळेपर्यंत की ठरावीक महिनेच? काम रखडलं तर बँक गॅरंटी आहे का, कितीची? एरिया सांगितलाय तो रेरा कार्पेट (रेरा कायद्याप्रमाणे घराच्या आतली वापरायची जागा) की आणखी काही जोडून? ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट येईल तेव्हा प्रत्येक 'दिलं जाईल'च्या जागी कोणाचं तरी नाव आणि तारीख मागा, वकिलाकडूनही तेवढं नक्की बघून घ्या. प्रेझेंटेशनमध्ये तोंडी जे सांगितलं ते सेक्रेटरींना पत्र देऊन लेखी मागवा.

आणि एसजीएमच्या, म्हणजे सोसायटीच्या खास सभेच्या, आधी काकांकडे चहाला जा, ते काय विचारणार होते ते ऐकून घ्या.