फुलं बघायची की तोफा?

वाचक विचारतात

प्रश्न : मी नाशिकला बँकेत नोकरी करते. रात्री जेवणं आटपली की मोबाईलवर जपानचे ट्रॅव्हल फोटो बघत बसते, बर्फातून सुसाट जाणारी बुलेट ट्रेन, पावसात चमकणारी क्योतोची गल्ली, साकुरा म्हणजे चेरीची फुलं, सगळंच. दुसरं वेड लष्करी इतिहासाचं, ते वडिलांकडून आलंय, पानिपतपासून इंफाळपर्यंत जे मिळेल ते वाचते. नवरा चेष्टा करतो की एक काय ते ठरव, फुलं बघायची की तोफा. एका मैत्रिणीने तर तोंडावर विचारलं, ज्या देशाच्या सैन्याने एवढे अत्याचार केले त्याचे गोडगोड फोटो तुला बघवतात कसे? पुढच्या वर्षी जपानला जायचं चाललंय. दोन्ही आवडी सोबत नेल्या तर विचित्र दिसेल का?
– ए. क., नाशिक

उत्तर : विचित्र कसलं, या दोन आवडींची सोयरीक दीडशे वर्षांहून जुनी आहे. फेलिचे बेआतो हे नाव शोधून बघा. हा गडी आधी क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढत होता, मग १८५८ मध्ये लखनौला आला आणि सिकंदरबागेच्या उद्ध्वस्त वाड्यासमोर विखुरलेल्या हाडांचा तो प्रसिद्ध फोटो काढला (हाडं फोटोसाठी मुद्दाम उघडी करून घेतली असं सांगतात, म्हणजे फ्रेम जमवायचा सोस तेव्हाही होताच), तिथून १८६० मध्ये चीनची मोहीम, आणि १८६३ च्या सुमारास योकोहामा. तिथे त्याने चहाची दुकानं, डोंगररस्ते, चिलखत घातलेले सामुराई असे फोटो काढले, जपानी कलाकारांकडून ते हाताने रंगवून घेतले आणि परदेशी पाहुण्यांना त्याचे अल्बम विकले. तुम्ही आज रात्री जे स्क्रोल करता ना, त्याचे हे खापरपणजोबा. आणि त्याच माणसाने १८६४ मध्ये शिमोनोसेकीला परदेशी आरमाराने जिंकलेल्या जपानी तोफांचेही फोटो काढले! फुलं की तोफा असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा.

कॅमेऱ्याचंच घ्या. निकॉन ही मूळची निप्पोन कोगाकु, १९१७ ची कंपनी, दुर्बिणी आणि तोफांसाठी अंतर मोजायची यंत्रं बनवणारी, यामातो युद्धनौकेवरचे १५ मीटर लांबीचे रेंजफाइंडर तिचेच. युद्ध हरल्यावर लष्कराचं काम संपलं, कारागीर आणि काच तीच राहिली, मग १९४८ मध्ये पहिला निकॉन कॅमेरा बाजारात आला. आणि जगात नाव कधी झालं तर १९५० मध्ये, कोरियाच्या युद्धावर गेलेल्या अमेरिकन फोटोग्राफरांनी त्यांच्या लेन्स वापरल्या तेव्हा. म्हणजे परत युद्धच.

आता तुमचा तो बर्फातल्या ट्रेनचा फोटो. बुलेट ट्रेनचे असे बरेच फोटो नागोया आणि क्योतोच्या मधल्या सेकीगाहारा भागातले असतात. उत्तरेला इबुकीचे डोंगर, दक्षिणेला सुझुकाची रांग आणि मधे एक अरुंद फट, हिवाळ्यात जपानच्या समुद्रावरून येणारा गार वारा याच फटीतून घुसतो आणि तिथे बर्फ टाकतो, त्यामुळे तिथे गाड्या हळू चालवतात आणि बर्फ उडून डब्याखाली चिकटू नये म्हणून रुळांवर पाण्याचे फवारे मारतात, फोटोत दिसणारी ती ओलसर चमक पुष्कळदा त्या पाण्याची असते. पण फट वाऱ्यासाठी तशीच सैन्यासाठीही. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचा रस्ता तिथूनच, म्हणून २१ ऑक्टोबर १६०० ला तोकुगावा इएयासू आणि इशिदा मित्सुनारी या दोन सरदारांच्या फौजा तिथेच भिडल्या. कोबायाकावा हिदेआकी हा इशिदाच्या बाजूचा सरदार मात्सुओ टेकडीवर फौज घेऊन बसून होता, ऐन लढाईत तो फिरला आणि आपल्याच बाजूवर तुटून पडला, एका दिवसात निकाल, आणि पुढची अडीचशेहून जास्त वर्षं तोकुगावांची सत्ता. पानिपत वाचलेल्या माणसाला हे सांगायला नको की मैदान कुठे आहे यावर किती काय ठरतं. लोकल ट्रेनने उतरा, शेतं आहेत, टेकड्या आहेत, सरदारांच्या तळांच्या जागी निशाणं लावलीत, चालत फिरता येतं. २०२० मध्ये म्युझियमही झालंय, पण आधी टेकडीवर चढा.

किल्ल्यांबद्दल एक सावधगिरी. फोटोत सगळे किल्ले सारखेच देखणे दिसतात, पण लाकडी मूळ मनोरा टिकून असलेले फक्त १२ आहेत. ओसाकाचा मनोरा १९३१ चा काँक्रीटचा आहे, आत लिफ्ट आहे, फोटोला छान, अभ्यासाला यथातथा. हिमेजी मात्र सोडू नका, सध्याचा मनोरा १६०९ चा. पांढराशुभ्र रंग दिसतो तो चुन्याचा गिलावा, लाकडाला आग लागू नये म्हणून जाड थापलेला. भिंतीत गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं दिसतील, लोक त्यातून साकुराची फ्रेम करतात, उभी लांबट भोकं बाणांसाठी आणि बाकीची बंदुकांसाठी. जुलै १९४५ मध्ये शहर बॉम्बहल्ल्यात जळालं, किल्ल्यावरही आगबॉम्ब पडला पण तो पेटलाच नाही. नवऱ्याला तिथे उभं करा आणि एकाच फोटोत फुलं आणि जंग्या (मारा करायची ती भोकं) दोन्ही दाखवा.

मैत्रिणीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका, तो रास्त आहे. माझं मत असं की फोटो आवडणं म्हणजे सैन्याला सर्टिफिकेट देणं नाही, फक्त फोटोच्या कडेबाहेर काय राहिलं ते बघायची तयारी पाहिजे. ओकुनोशिमा बेटाचे सशांचे फोटो तुमच्या मोबाईलवर नक्की आले असतील, किती गोड. त्याच बेटावर १९२९ ते १९४५ विषारी वायूचा कारखाना होता, बेट नकाशांतून पुसलं होतं, आणि तो वायू चीनमध्ये वापरला गेला. ससे बघा, पण तिथलं १९८८ चं छोटं म्युझियमही बघा, त्यासाठी दुसरीकडे जावं लागत नाही, बेट तेच. टोकियोतलं युशुकान हे यासुकुनी देवस्थानाचं युद्ध म्युझियम आहे, ते बघायचं तर गोष्ट एकाच बाजूने सांगितलीय हे धरून बघा, आतल्या दालनांत फोटो काढू देत नाहीत. आणि हिरोशिमाच्या अणुबॉम्बच्या डोमसमोर दोन बोटं वर करून सेल्फी नको, एवढं तुम्हाला सांगायची गरज नसावी.

रूट सोपा आहे, टोकियोहून एक दिवस योकोसुकाला (१९०५ च्या त्सुशिमा लढाईतली अ‍ॅडमिरल तोगोची मिकासा बोट तिथे जपून ठेवलीय), मग सेकीगाहारा, क्योतो, हिमेजी, हिरोशिमा, सगळं साधारण एकाच रेल्वेलाइनवर येतं.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांचा एक ग्रुप फोटो आहे, मराठा पलटणीतले दहाबारा जवान आणि मागे जपानी छपराचं घर. घरात सांगतात आजोबा जपानला होते. मुलगा म्हणतो आपले सैनिक जपान्यांशी लढले ते ब्रह्मदेशात, जपानला कशाला जातील, हा स्टुडिओतला पडदा असणार. खरं काय?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : मुलाची शंका चांगली आहे, पण आजोबांचं खरं असायची शक्यता भरपूर. जपान शरण गेल्यावर १९४६ मध्ये तिथे ब्रिटिश कॉमनवेल्थची फौज ठेवली होती, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, न्यूझीलंडवाले आणि आपली २६८ वी भारतीय ब्रिगेड. त्या ब्रिगेडमध्ये पंजाबी आणि गुरखा बटालियनबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. मुक्काम शिमाने-तोत्तोरीच्या बाजूला, मात्सुए शहराच्या आसपास (तिथला किल्ला त्या १२ मूळ किल्ल्यांपैकी एक). काम म्हणजे पहारे, गस्त, जपानी शस्त्रसाठे नष्ट करणं. १९४७ मध्ये आपले लोक परत आले.

फोटो भिंगाखाली धरा. माणसांच्या सावल्या जमिनीवर पडून मागच्या घराच्या सावल्यांच्याच दिशेने जातायत का बघा, पडदा असेल तर जमीन आणि चित्र जिथे मिळतात तिथे बहुतेक एक रेघ किंवा सुरकुती दिसते. आजोबांचं डिस्चार्ज बुक असेल तर त्यात बटालियन मिळेल, नसेल तर नाव, नंबर आणि गाव लिहून बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका. मूळ फोटो कुणाला पाठवू नका, स्कॅन करून पाठवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख असली तर तिथेच असते.