महाराष्ट्र राज्य लॉटरीचं खातं कसं चालतं? सांगलीत त्याचं ऑफिस कुठे आहे?

सांगलीत ऑफिस शोधत बसू नका. एसटी स्टँडजवळ आमच्या वडिलांचं लॉटरीचं टेबल होतं, पुढे काही वर्षं मीही बसलो. एवढ्या काळात लॉटरी खात्याचा एकही साहेब टेबलापाशी आलेला मला आठवत नाही.

राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. ती वित्त विभागाखाली येते, वर आयुक्त, आणि कारभार नवी मुंबईत वाशीहून चालतो. गावोगावी तिकिटं विकणारे मात्र सरकारी नोकर नाहीत. घाऊक एजंट, त्यांच्याकडून घेणारे छोटे एजंट, शेवटी आम्ही टेबलवाले. पगार कुणालाच नाही, सगळं कमिशनवर. आम्ही तिकिटं रोखीने उचलायचो. सोडतीच्या संध्याकाळपर्यंत खपली नाहीत तर ती रद्दी आमची.

मग सरकार करतं काय? १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने जे दुसऱ्यावर सोपवता येत नाही, ते. तिकीट राज्याने छापायचं, त्यावर राज्याचं बोधचिन्ह हवं. सोडतही राज्यानेच, आपल्याच हद्दीत काढायची. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, जमा व्हायला हवा. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, मोठ्या बक्षिसांच्या बंपर सोडती वर्षाला सहाच्या वर नाहीत. मटक्यासारखं एक आकडी नंबरावर बक्षीस लावायला तर बंदीच आहे. आम्हाला "मटकेवाले" म्हणणाऱ्यांना वडील हेच कलम ऐकवायचे. समोरचा ऐकून घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, "बरं, आज मटक्याचं ओपन काय लागलं?"

लहान बक्षिसं टेबलावरच मिळायची. मोठ्याला मूळ तिकीट, अर्ज आणि ओळखीचे कागद वाशीला पाठवावे लागायचे. दहा हजारांवरच्या बक्षिसातून तीस टक्के आयकर आधीच कापला जातो, त्यामुळे लाखाचे सत्तर हजारच हातात येतात, हे गिऱ्हाइकाला पटवताना घसा कोरडा पडायचा. आणि मुदतीत कुणी मागितलंच नाही तर ते बक्षीस सरकारजमा.

म्हणून तिकीट घेतलं की मागे नाव-पत्ता लिहून सही करा आणि मुदत वाचा. आमच्या एका गिऱ्हाइकाने पाच हजारांचं बक्षीस लागलेलं तिकीट विजारीच्या खिशातून धुऊन आणलं होतं. सिरीज दिसत होती, नंबराचे शेवटचे दोन आकडे गेलेले. वडिलांनी ते पत्र्याच्या पेटीवर वाळत घातलं, पण उपयोग झाला नाही.